ओम्नी कॅम्परचा गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे करून बघा

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)

आजची गाडी आमच्या कळमन्यातली आहे. माझ्या मित्राच्या वडिलांची जुनी ओम्नी. अनेक वर्षं तिने मार्केट यार्डात संत्र्याचे क्रेट वाहिले. काका रिटायर झाले तसं मित्राने मागची सीट काढून प्लायचा पलंग, खाली स्टोव्हचा खण, असं करून घरच्या घरी कॅम्पर बनवली. दिवाळीनंतर काका-काकूंना घेऊन चिखलदऱ्याला जायचं ठरलं. आणि गिअर पडेना. पहिला आणि तिसरा टाकताना दांडा अर्ध्यात अडायचा, रिव्हर्सला कर्रर्र आवाज. एका गॅरेजवाल्याने निकाल दिला, "भाऊ, गिअरबॉक्सच उतरवा लागते. नाहीतर भंगारात द्या, खर्च परवडनार नाही."

काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मेकॅनिक नाही. पण बग शोधायची एक सवय अंगात मुरली आहे: कोणता पार्ट खराब आहे हे आधी विचारायचं नाही, माहिती कुठपर्यंत नीट पोचते आणि कुठे हरवते ते विचारायचं. गिअरचंही तेच आहे. हाताची हालचाल दांड्यापासून गिअरबॉक्सच्या आतल्या फोर्कपर्यंत जायला हवी. वाटेत कुठे गळते?

आता ओम्नीची रचना बघा. १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून आली, २०१९ मध्ये बंद झाली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि ताकद मागच्या चाकांना. गिअरचा दांडा मात्र ड्रायव्हरच्या हाताशी. म्हणजे मध्ये लिंकेज आलं, लिंकेज आलं की सांधे आले, आणि सांध्यात बुश आले. बुश झिजतात. प्रत्येक सांध्यात मिलिमीटरभर प्ले आला तरी शेवटी बेरीज होते, आणि गिअर पूर्ण बसायला नेमकं तेवढंच अंतर कमी पडतं.

फोक्सवॅगनच्या जुन्या कॅम्पर व्हॅनचं दुखणंही याच जातीचं. १९५० पासूनची ती टाइप टू; साठ-सत्तरच्या दशकात युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे भारतात, थेट गोव्यापर्यंत आली. तिचा दांडा पुढे आणि इंजिन-गिअरबॉक्स पार मागे, मध्ये गाडीच्या पोटाखालून जाणारा लांबच लांब रॉड. त्या गाड्यांतही गिअर सापडेना झाला की जाणकार आधी रॉडचे बुश आणि मागचा जोड बघतात.

बरं, आता तपासणी. पहिली चाचणी फुकट आहे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, इंजिन बंद. क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. एखादा अडला तर गाडी वीतभर ढकलून पुन्हा बघा, कारण आतले दात कधीकधी समोरासमोर येऊन थांबतात, तो बिघाड नव्हे. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केलं की अडतात? मग संशय क्लचवर. बंद असतानाही अडतात? मग लिंकेज किंवा गिअरबॉक्स. एका मिनिटात निम्मी गाडी संशयातून बाहेर. आम्ही कोडमध्ये बायसेक्ट करतो ना, तेच हे.

दुसरी चाचणी रिव्हर्सची. इंजिन आयडलला, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. थांबूनही कर्रर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाही, आतला शाफ्ट फिरतोच आहे. ओम्नीत क्लच वायरचा आहे. वायर ताणली गेली, तिचे धागे तुटले, किंवा पॅडलचा फ्री प्ले वाढला की असं होतं. अ‍ॅडजस्ट करताना प्ले पार शून्यावर आणू नका. मग क्लच घसरायला लागतो आणि प्लेट जळते.

कॅम्परवाल्यांनी इथे विशेष लक्ष द्या. या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात. पावसाळाभर उभी राहिली की क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटू शकते. दुसरं म्हणजे आपण केलेली सजावट. मित्राने पायाखाली फोमचं जाड मॅट टाकलं होतं, त्यावर गालिचा. पॅडल खालपर्यंत जातच नव्हतं! मॅट काढल्याबरोबर रिव्हर्सचा आवाज गेला. गॅरेजमध्ये ते मॅट कोणी उचलूनही बघितलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

पण पहिला-तिसरा अडतच होता, इंजिन बंद असतानाही. इथे गिअरच्या नकाशाकडे बघायचं. दांडा डावी-उजवीकडे नेतो तेव्हा आपण जोडी निवडतो: पहिला-दुसरा की तिसरा-चौथा. पुढे-मागे करतो तेव्हा त्या जोडीतला गिअर बसवतो. पहिला-दुसरा दोन्ही सापडत नाहीत पण तिसरा-चौथा ठीक, तर निवडीची बाजू बिघडली. पहिला आणि तिसरा अडतात पण दुसरा-चौथा बसतात, तर पुढे-मागेची हालचाल एका बाजूला कमी पडते आहे. आणि फक्त एकच गिअर त्रास देत असेल, समजा गाडी चालताना दुसराच खरखरतो, तर मात्र आत त्या गिअरचा सिंक्रो किंवा दात झिजलेत. तेव्हा गिअरबॉक्स उघडण्याला अर्थ आहे. आमच्याकडे पहिला आणि तिसरा. दोन वेगळ्या जोड्यांतले गिअर आत एकाच वेळी, एकाच बाजूने झिजतील? शक्यता फार कमी.

मग मित्र दांडा हलवायला बसला, मी टॉर्च घेऊन खाली. (इंजिन बंद, चाकांना दगड, गाडी नुसत्या जॅकवर असेल तर खाली शिरायचंच नाही.) बघायचं एवढंच: वर दांडा हलल्यावर गिअरबॉक्सवरची आर्म लगेच हलते का? आमची आर्म आधी जागची हलायचीच नाही, मग उशिरा थोडी सरकायची. एका सांध्याचा बुश जवळजवळ उरलाच नव्हता. जाता जाता इंजिनचं माउंटिंगही दाबून बघा. ते तुटलं तर रेस दिल्यावर इंजिन हलतं, दांडा बॉडीला असल्याने जागेवर राहतो, आणि गिअर निसटतो.

नवे बुश बसवले, लिंकेज सेट करून घेतलं. गिअरबॉक्सचा खर्च सांगितला होता त्यापुढे हे पैसे किरकोळ. तरी घाटात न्यायच्या आधी मी हट्ट धरला: रामटेकला गडमंदिराच्या चढावर एक फेरी. उतारावर दुसरा गिअर पडला नाही तर सगळा भार ब्रेकवर येतो, आणि कॅम्परमध्ये पलंग-सामान धरून वजन नेहमीपेक्षा जास्त. काकांनी स्वतः चालवली. उतरताना तिसऱ्यावरून दुसरा, चारदा. चारही वेळा पडला.

तुमच्या गाडीबद्दल विचारणार असाल तर तीन गोष्टी आधी लिहा: इंजिन बंद असताना गिअर पडतात का, नेमके कोणते अडतात, आणि त्रास सुरू व्हायच्या आधी गाडीत काय बदललं होतं. मॅट मोजून.