कोवळं वय, लेखांक 4 : घर सोडून आलेलं पोर

कसारा आणि कर्जत या दोन्ही मार्गांवरच्या गाड्या कल्याणला एकत्र येतात. लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्या इथं थांबतात आणि त्यातून कधी कधी एकटंदुकटं पोरही उतरतं. त्याच्याकडे पाहणाऱ्याचा अंदाज ठरलेला : हिरो व्हायला आला असणार, नाहीतर उनाडक्या करायला. विचारपूस करणाऱ्यांच्या कानी मात्र वेगळंच पडतं. बापाची दारू, घरातली मारझोड, नापास झाल्यावर काय होईल याची धास्ती.

स्थानकांवरच्या अशा मुलांसाठी काम करणारी समतोल फाउंडेशन ही संस्था त्यांना लगेच परतीच्या गाडीत बसवत नाही. कल्याणजवळ मामणोलीला तिचं निवासी केंद्र आहे. तिथं मुलं काही आठवडे राहतात, खेळतात, बोलती होतात आणि मग पालकांच्या हाती सोपवली जातात.

एवढे आठवडे का लागतात, याचं उत्तर मेंदूत आहे.

धोका दिसला की मेंदूतला अमिग्डाला हा भाग इशारा देतो, शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, छाती धडधडते. धोका टळला की सगळं पूर्ववत होतं. पण मार कधी बसेल याचा नेमच नसलेल्या घरात हा इशारा थांबत नाही. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस आणि आवेगाला आवर घालणारा कपाळामागचा भाग, दोन्ही याच वयात घडत असतात आणि सततच्या ताणाचा परिणाम त्यांच्यावर होतो. मग बाईंनी जरा आवाज चढवला तरी एखादं मूल दचकतं, दुसरं अंगावर धावून जातं, तिसरं घुमं होतं. प्रगतिपुस्तकावर शेरा मात्र एकच : लक्ष नाही.

नुसती हेळसांडही मारापेक्षा कमी नसते. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतली 136 बालकं संशोधकांनी अभ्यासासाठी निवडली आणि त्यांतली निम्मी पालक कुटुंबांत ठेवली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी अधिक खुलली. त्यांतही दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला.

परिणाम पुढेही रेंगाळतो. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी अमेरिकेत 9,500 हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारलं आणि 1998 मध्ये निष्कर्ष मांडले. छळ, घरातली हिंसा, व्यसनी माणूस असे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव असलेल्यांत दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका 4 ते 12 पट आढळला. हा धोका आहे, भविष्यवाणी नव्हे. भरवशाचं एक मोठं माणूस लाभलं तरी अनेक मुलं सावरतात, असं पुढच्या अभ्यासांतून दिसलं आहे.

आपल्याकडे केंद्र सरकारने 2007 मध्ये महाराष्ट्रासह 13 राज्यांतल्या 12,447 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर तिघांत दोघांनी मार खाल्ला होता. निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा कोणता ना कोणता प्रकार सोसला होता आणि बहुतेकांनी तो कुणालाही सांगितला नव्हता.

सांगितल्यावर तरी काय होतं? ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराची तक्रार नोंदवताना पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पोलिसांना खबर न दिल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा नोंदला गेला. पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार अशा गुन्ह्याची नुसती शंका आली तरी कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेची अब्रू ही सबब तिथं चालत नाही.

घरात असो वा शेजारी, अचानक अंथरूण ओलं करू लागलेलं, शाळेचं नाव काढताच पोट दुखणारं, एका ठरावीक माणसापासून दूर पळणारं मूल दिसलं तर उलटतपासणी घेऊ नये. त्याचं शांतपणे ऐकून घ्यावं, ‘तुझी काही चूक नाही’ हे स्पष्ट सांगावं आणि 1098 वर फोन करावा. 1996 मध्ये मुंबईत सुरू झालेली ही मदतवाहिनी आज देशभर चोवीस तास चालते.

फोननंतर मूल बालकल्याण समितीपुढे जातं. तिथं काय घडतं आणि मूल घरी पाठवायचं की नाही हे कसं ठरतं, ते पुढच्या आठवड्यात.