सकर मासा आणला, तरी काच हिरवीच

लालबाग-परळच्या चाळीतल्या खोलीत फिशटँकला जागा मिळते ती बहुधा खिडकीपाशी. दिवसभर उन्हाची तिरीप आणि संध्याकाळपासून निजानीज होईस्तोवर टँकचा दिवा. महिन्याभरात काच हिरवी होते, पानांच्या कडांना काळी झालर लागते. मग सल्ले सुरू.

सर्वांत लाडका सल्ला म्हणजे सकर मासा. हा शेवाळ खाऊन टँक साफ ठेवतो, असा समज. बोटभर असताना तो थोडंफार खातोही. पण दक्षिण अमेरिकेतला हा मासा फूटभराहून मोठा होतो, वाढला की त्याला आयते दाणेच आवडतात आणि त्याच्या ढीगभर विष्ठेवर शेवाळ पोसलं जातं. काळ्या झालरीला तर तो शिवतही नाही. ती झालर मुळात लाल शेवाळाच्या कुळातली. चिमूटभर अल्कोहोलमध्ये टाकली की लालसर होते. टँकमध्ये मावेना म्हणून हा मासा तळ्यात सोडणं हा तर गुन्हाच मानावा. उजनी जलाशयात त्याने मच्छीमारांच्या जाळ्यांची काय दशा केली, ते तिथल्या कोळ्यांना विचारावं.

दुसरा समज: सगळं पाणी फेका, फिल्टर नळाखाली खसाखसा धुवा. स्पंजमध्ये राहणारे जीवाणू माशांनी सोडलेल्या अमोनियाचं नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन नेमका त्यांनाच मारतो. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावं, तेही क्लोरीन घालवलेलं, आणि स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

खतामुळे शेवाळ येतं, हेही अर्धसत्य. उपाशी झाडं वाढत नाहीत, त्यांची जुनी पानं कुजतात आणि शेवाळाला मोकळं रान मिळतं.

खरा घातक असतो तो उरलेला खाऊ. वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या येतात, कारण पिंड आणि अन्न कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. घरच्या टँकमध्ये पाणी थोडं, म्हणून दोन मिनिटांत फस्त होईल एवढेच दाणे टाकावेत.

आणि दिवा? टायमर लावून सहा ते आठ तास पुरे. टँक खिडकीपासून हलवावा. निळसर-हिरवा, कुबट वासाचा बुळबुळीत थर आला, तर ते शेवाळ नसून जीवाणू असतात. तो नळीने ओढून काढावा, टँक तीन-चार दिवस जाड चादरीखाली झाकून ठेवावा आणि हवेचा पंप मात्र चालू ठेवावा.