यंत्राची नजर आणि माणसाची पारख

यंत्राला आपपरभाव नसतो, असे आपण मोठ्या विश्वासाने म्हणतो. माणूस वशिला पाहील, जात पाहील, चेहऱ्यावर भाळेल. यंत्र मात्र जसे आहे तसेच सांगेल, अशी आपली समजूत असते. या समजुतीच्या बळावर नोकरीसाठी उमेदवार निवडण्याचे कामही आता यंत्राकडे जाऊ लागले आहे. समोर मुलाखत घेणारा कोणी नसतो. पडद्यावर प्रश्न उमटतो, घड्याळ सुरू होते आणि ठरलेल्या वेळात कॅमेऱ्याकडे पाहून उत्तर द्यावे लागते. आपल्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांनाही अशा परीक्षेस कधी ना कधी सामोरे जावे लागेल. म्हणून या यंत्राची नजर खरोखरच निःपक्षपाती असते काय, हे समाजशास्त्राचा एक अभ्यासक या नात्याने येथे थोडे तपासून पाहावे, असे मला वाटते.

लँग्डन विनर या अमेरिकन अभ्यासकाने १९८० साली एक निबंध लिहिला. वस्तूंनाही राजकारण असते काय, हा त्याचा प्रश्न. त्यात त्याने शिकागो येथील मॅकॉर्मिक यांच्या कापणीयंत्रांच्या कारखान्याचे उदाहरण दिले आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८८० नंतरच्या दशकात, तेथे ओतकामाचे साचे करण्यासाठी हवेच्या दाबावर चालणारी नवी यंत्रे बसविण्यात आली. या यंत्रांचा माल जुन्या मालापेक्षा हलका होता आणि खर्चही अधिक येत होता. मग ती आणली कशासाठी? साचे करणाऱ्या कुशल कारागिरांची संघटना प्रबळ होती, ती मोडण्यासाठी. नवी यंत्रे अकुशल माणूसही चालवू शकत होता. तीन वर्षांनी यंत्रे काढून टाकण्यात आली. परंतु तोवर संघटना मोडली होती. यंत्राने आपले खरे काम चोख बजावले होते, असेच म्हणावे लागेल!

हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, तेव्हा एका विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, ही मालकांची योजना वादाच्या मुळाशी होती. मालकांच्या लेखी तो कार्यक्षमतेचा प्रश्न होता, तर कामगारांच्या लेखी किती माणसांना घरी बसावे लागणार, हा. माग तोच, परंतु त्याची मांडणी कोणाच्या सोयीने करायची, हा सत्तेचा प्रश्न होता. नव्या साधनाविषयी पहिला प्रश्न विचारायचा तो हाच.

आता हा प्रश्न स्वमग्न व्यक्तींच्या बाजूने विचारून पाहू. येथे प्रथम शब्दाचाच विचार केला पाहिजे. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर याने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून बनविला. पुढे लिओ कॅनर याने १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन केले. आपण मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ केला. शब्द सुबक आहे. पण त्यात एक निकाल आधीच देऊन टाकलेला आहे. हा माणूस आपल्यातच बुडालेला आहे, त्याला दुसऱ्याचे मन कळत नाही, असा तो निकाल. दुसरा सोयीचा शब्द हाताशी नसल्याने मीही तोच वापरीत आहे, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

या निकालालाच डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने आव्हान दिले. मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी ‘दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न’ मांडला. त्यांचे म्हणणे असे : दोन माणसांचे जमत नाही तेव्हा दोष एकाच्याच माथी का मारावा? स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन उमगत नाही असे आपण म्हणतो. पण इतरांना तरी तिचे मन कोठे उमगते? दरी दोहोंच्या मधे आहे. मात्र बहुसंख्य असलेली बाजू आपल्या वागण्याला ‘स्वाभाविक’ म्हणते आणि दुसऱ्या बाजूच्या वागण्याला ‘लक्षण’.

यास प्रयोगाचा आधार आहे काय? २०२० मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी आपल्या ‘कानगोष्टी’च्या खेळासारखा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास गोष्ट सांगायची. केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच इतरांच्या साखळीत टिकली. मिश्र साखळीत मात्र ती अधिक गळाली. २०२५ मध्ये अधिक मोठ्या संख्येवर केलेल्या पाहणीत मिश्र साखळीचा हा तोटा दिसला नाही. परंतु स्वमग्न व्यक्ती माहिती पोचविण्यात उण्या पडतात, असे याही वेळी दिसले नाही.

मुलाखतीच्या दृष्टीने याहून बोलका प्रयोग अमेरिकेतील नोआ सॅसन व त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वमग्न व्यक्तींच्या बोलण्याचे अगदी थोडक्या सेकंदांचे तुकडे इतरांना दाखविण्यात आले. पाहणाऱ्यांचे मत चटकन प्रतिकूल झाले. या व्यक्तींशी बोलावे, शेजारी बसावे, अशी इच्छा त्यांना कमी झाली. नुसता आवाज ऐकला किंवा नुसते छायाचित्र पाहिले तरी तेच. परंतु त्याच बोलण्याचा केवळ लिखित मजकूर वाचायला दिला, तेव्हा हा प्रतिकूल ग्रह नाहीसा झाला! म्हणजे आशयात उणे काही नव्हते. नजर, हातवारे, आवाजाची चढउतार यांवरूनच माणसाची किंमत ठरत होती.

आणि यंत्राला पाहायला शिकविले जाते ते नेमके हेच. अमेरिकेतील हायरव्ह्यू या कंपनीची प्रणाली काही काळ उमेदवाराच्या चेहऱ्याच्या हालचालींचेही विश्लेषण करीत असे. टीका झाल्यावर ते बंद केल्याचे कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले. अशा प्रणालीला ‘चांगला उमेदवार’ कसा दिसतो हे बहुधा पूर्वी पसंत पडलेल्या माणसांच्या नमुन्यांवरून कळते. पूर्वीचे परीक्षक ज्या नजरेने पाहत आले, तीच नजर मग गणिताचे रूप घेते. फरक इतकाच, की माणसाला ‘का नाकारले?’ असे विचारता येते. आकड्याला विचारता येत नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या कायद्याने कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत यंत्राद्वारे भावना ओळखण्यास, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, मनाई केली. ही मनाई फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली.

तंत्रज्ञान टाकून द्यावे, असे माझे म्हणणे नाही. लेखी संवादाची साधने कित्येक स्वमग्न व्यक्तींना वरदान ठरली आहेत. डेन्मार्कमध्ये २००४ साली थॉर्किल सोने यांनी आपल्या स्वमग्न मुलाच्या भवितव्याच्या विचारातून ‘स्पेशॅलिस्टर्ने’ ही संस्था काढली. तेथे उमेदवाराने बोलून छाप पाडावी अशी अपेक्षा नसे. प्रत्यक्ष काम करायला देऊन त्याची पारख होई. मात्र येथेही एक धोका आहे. स्वमग्न माणूस म्हणजे संगणकाचा जादूगार, असा नवा साचा तयार होतो, आणि त्यात न बसणारा पुन्हा बाहेर राहतो. ज्याला कविता आवडते, बागकाम आवडते, किंवा ज्याला बोलताच येत नाही, त्याचे काय? माणसाचा अधिकार त्याच्या उपयुक्ततेवर टांगून ठेवता येणार नाही.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेचा समावेश एकवीस प्रकारांत केला. शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ज्या गटाला आहे, त्यात ती येते. आणि शासकीय आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी पुरवाव्यात, असेही कायदा सांगतो. पण जागा राखून ठेवली तरी तिच्या दारावरची चाळणी बदलली नाही, तर आत पोचणार कोण? प्रश्न आधी लेखी द्यावेत, उत्तरास पुरेसा वेळ द्यावा, कॅमेऱ्याऐवजी कामाचा नमुना मागावा, नकाराचे कारण सांगावे : यांतील एकही गोष्ट खर्चिक नाही. यांचा लाभ केवळ स्वमग्न उमेदवारांना होईल असेही नाही. खेड्यातून आलेला, इंग्रजी बोलताना अडखळणारा, परक्यासमोर मान खाली घालून बोलण्याचे वळण लागलेला आपला विद्यार्थीही याच चाळणीत अडकतो.

तुमच्यापैकी काही जण उद्या मुलाखत देणाऱ्याच्या खुर्चीत बसतील, आणि आणखी काही वर्षांनी त्यांतलेच काही घेणाऱ्याच्या. दुसऱ्या खुर्चीत बसाल तेव्हा पडद्यावरचा आकडा पाहण्यापूर्वी तो कशाचे मोजमाप करून आला, एवढे विचारा. विचारण्याचा अधिकार त्या वेळी तुमच्याकडे असेल.