तैनात, चाकरी आणि चांद्याचा कोट

‘तैनाती फौज’ हा शब्द शालेय इतिहासामुळे मराठी वाचकाच्या इतक्या अंगवळणी पडला आहे की, त्यातील विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘तैनात’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ नेमणूक. मराठी दप्तरांत तो एखाद्याच्या दिमतीस दिलेल्या माणसासाठी, तसाच त्याला बांधून दिलेल्या वेतनासाठी योजिलेला आढळतो. ज्याच्या तैनातीत माणूस असतो त्याचा हुकूम त्याने पाळावयाचा, हे या शब्दात गृहीतच आहे. असे असता नागपूरच्या तैनाती फौजेने इ. स. १८१८ च्या मे महिन्यात नागपूरकर भोसल्यांचाच चांद्याचा कोट तोफा लावून फोडला. शब्दाने सुचविलेला धनी आणि प्रत्यक्षातील धनी यांच्यात एवढे अंतर का पडले, हे समजून घ्यावयाचे तर शेजारी राज्यांनी परस्परांशी केलेल्या तहांची कलमे लक्षपूर्वक वाचली पाहिजेत. चांदा हे अशा वाचनास सोयीचे ठिकाण आहे; कारण अर्धशतकाच्या आत दोन निरनिराळ्या शत्रूंनी त्यास वेढा घातला, आणि दोन्ही प्रसंगांच्या मागेपुढे तहनामे आहेत.

इरई व झरपट या नद्यांच्या संगमाजवळ गोंड राजांनी वसविलेल्या या नगरास चार दरवाजे व पाच खिडक्या असलेला दगडी कोट आहे. गोंडांचे हे राज्य १७५१ च्या सुमारास पहिल्या रघूजी भोसल्यांच्या हाती गेले. १७५५ मध्ये रघूजी वारल्यावर त्यांच्या मुलांतील वाटणीत चांदा मुधोजीकडे आला. नागपूरच्या दक्षिणेस, निजामाच्या मुलखास लागून असल्यामुळे संकटकाळी माघार घेण्याची जागा म्हणून या कोटास विशेष महत्त्व होते.

पहिला वेढा माधवराव पेशव्यांचा. धोडपच्या प्रसंगी जानोजी भोसल्यांनी रघुनाथरावांचा पक्ष धरला होता; त्याचे पारिपत्य करण्यासाठी पेशवे १७६९ च्या आरंभी वऱ्हाड-नागपुरात उतरले. निजामाची फौजही त्यांच्या बाजूस होती. पेशव्यांनी चांद्यास वेढा घातला. परंतु जानोजी कोट वाचविण्यासाठी चांद्याकडे आलेच नाहीत. लढाई टाळून ते पश्चिमेकडे वळले आणि त्यांनी थेट पुण्याचा रोख धरला. पुण्यातील लोक चीजवस्तू हलवू लागले, तेव्हा पेशव्यांना चांद्याचा वेढा उठवून मागे फिरावे लागले. चांद्याची तटबंदी भक्कम होती हे खरेच. पण त्या वर्षी चांदा वाचला तो भोसल्यांची फौज दोनशे कोस दूर, मनास येईल तिकडे जाण्यास मोकळी होती म्हणून.

हा मोकळेपणाच पुढे कनकापूरच्या तहात बांधला गेला. मार्च १७६९ मध्ये झालेल्या या तहाची कलमे आजच्या संरक्षण करारांच्या अभ्यासकासही ओळखीची वाटतील. भोसल्यांनी आपल्या फौजेत पेशव्यांच्या परवानगीवाचून वाढ किंवा घट करू नये. बोलावणे येताच चाकरीस हजर व्हावे. पेशव्यांच्या फितूर सरदारांस आश्रय देऊ नये. पाच लाख एक रुपया पाच सालांच्या हप्त्यांनी द्यावा. याहून महत्त्वाचे कलम पत्रव्यवहाराचे आहे. दिल्लीचा बादशहा, अयोध्येचा नबाब, रोहिले, निजाम आणि इंग्रज यांच्याशी भोसल्यांनी राजकारणाचे बोलणे ठेवू नये. ओरिसात इंग्रजांजवळ आणि निजामाच्या दरबारी त्यांचा वकील राहू शकेल, पण त्याने केवळ महसुली कामे पाहावीत. ओरिसा तेव्हा भोसल्यांकडे होता व बंगाल आणि मद्रास यांच्या मधोमध असल्यामुळे इंग्रजांचा त्यावर डोळा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या कलमाची निकड कळते.

येथे ‘चाकरी’ हा शब्द मोलाचा आहे. तो निष्ठुर वाटला तरी प्रामाणिक आहे. कोण धनी व कोण चाकर हे त्यात लपविलेले नाही, आणि चाकराची फौज चाकराच्याच हाती राहते. म्हणूनच कनकापूरनंतरही भोसले आपल्या मर्जीने वागू शकले.

देवगावच्या तहाची भाषा वेगळी आहे. अडगाव व गाविलगड येथील पराभवांनंतर दुसऱ्या रघूजींनी १७ डिसेंबर १८०३ रोजी तो केला. कटक प्रांत गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला व तो निजामास मिळाला. चांद्याच्या पश्चिमेची नदी त्यामुळे दोन राज्यांची सरहद्द झाली. इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्रांची माणसे चाकरीस ठेवण्यास बंदी झाली आणि नागपुरास रेसिडेंट आला. मात्र तैनाती फौज घेण्यास रघूजींनी नकार दिला, व पेंढाऱ्यांचा उपद्रव सोसूनही तो मरेपर्यंत, म्हणजे मार्च १८१६ पर्यंत टिकविला. पराभूत राजाचा हा नकार इतिहासकारांनी जितका वाखाणावयास हवा तितका वाखाणलेला नाही.

रघूजींच्या मागे त्यांचा दुर्बल पुत्र परसोजी गादीवर आला आणि कारभार आप्पासाहेबांकडे गेला. २७ मे १८१६ रोजी आप्पासाहेबांनी जो तह गुप्तपणे केला त्याचे नाव संरक्षणाचे असले, तरी त्यामागील मुख्य भय परचक्राचे नव्हते. दरबारातील विरोधी पक्षाचे होते. पायदळाच्या सहा पलटणी, घोडदळाची एक पलटण व तोफखाना एवढी फौज कंपनीने द्यावी, तिच्या खर्चास राजाने दरसाल साडेसात लाख रुपये द्यावेत, असे ठरले. शिवाय राजाने आपली तीन हजार स्वार व दोन हजार पायदळाची वेगळी फौज कंपनीच्या साहाय्यार्थ बाळगावयाची. परराज्यांशी पत्रव्यवहार कंपनीच्या संमतीनेच व्हावयाचा. कनकापूरचे ते जुने कलम येथे पुन्हा आले. फरक एवढाच की, आता फौजही दुसऱ्याची होती. पैसा राजाचा, नाव राजाच्या तैनातीचे आणि हुकूम कलकत्त्याचा.

परराष्ट्रव्यवहारात शेजाऱ्याचा सल्ला मानावा, असे कलम विसाव्या शतकातही आढळते. भारत व भूतान यांच्या १९४९ च्या तहात ते होते. २००७ च्या सुधारित तहात ते वगळून परस्पर सहकार्याचे शब्द घालण्यात आले. दोन्ही उदाहरणे एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. भूतानने आपली फौज आपल्या हाती ठेवली, संयुक्त राष्ट्रसंघात जागा मिळविली, आणि कलम बदलले तेही उभयतांच्या संमतीने.

नागपूरच्या तहाची परीक्षा दीड वर्षातच झाली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस पेशव्यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले. त्याच महिन्याच्या २४ तारखेस, आता गादीवर असलेल्या आप्पासाहेबांनी बाजीरावांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे समारंभाने स्वीकारली. मराठी दरबाराच्या दृष्टीने हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता होता. रेसिडेंट जेन्किन्सच्या दृष्टीने मात्र कंपनीच्या शत्रूशी केलेला व्यवहार. २६ व २७ तारखांस सीताबर्डीची लढाई झाली. तीत आणि डिसेंबरात नागपूरजवळ पराभव झाल्यावर आप्पासाहेब काही काळ नावापुरते राजे राहिले. किल्लेदारांस गुप्त हुकूम पाठविल्याचा व चांद्यास निसटण्याचा बेत केल्याचा आरोप ठेवून मार्च १८१८ मध्ये त्यांस कैद करण्यात आले.

बाजीराव त्या वेळी चांद्याच्या रोखाने येत होते. कर्नल ॲडम्सने १७ एप्रिल रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे त्यांस गाठून त्यांच्या फौजेची दाणादाण केली व नंतर तो चांद्याकडे वळला. त्याच्या हाताखालील दळ हीच नागपूरची तैनाती फौज. किल्लेदार गंगासिंगाने कोट देण्याचे नाकारले. बाहेरून येणारी कुमक आता कोठेच नव्हती. राजा कैदेत, पेशवा पळतीवर, आणि राज्याच्या रक्षणार्थ नेमलेली फौजच कोटासमोर मोर्चे बांधून बसलेली. २० मे रोजी खिंडार पाडून हल्ला झाला व चांदा पडला. गंगासिंगही कामास आला. १७६९ मध्ये ज्या तटाने पेशव्यांस थोपविले होते तोच हा तट.

या साऱ्या तहांत वैनगंगेपलीकडील अरण्यातील गोंड जमीनदारांस पक्षकार म्हणून स्थान नव्हते. सरहद्दी मात्र त्यांच्या रानांतून काढल्या गेल्या. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर, १८६० च्या तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील सिरोंचा भाग इंग्रजांस दिला. तो प्रथम अपर गोदावरी जिल्ह्यात होता. १८७४ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला, आणि १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात आहे. १८०३ मध्ये सरहद्द ठरलेली वर्धा नदी हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत सरहद्दच राहिली. नदीपलीकडचा राजुरा तालुका चांदा जिल्ह्यात आला तो १९५९ साली.