खरेदीखतापासून सातबारापर्यंत : संगणकाचा हरकारा व संगणकाचा कारकून

संगणकाचे जाणकार ज्यास सेवाप्रधान रचना म्हणतात, तिचा अर्थ इतकाच कीं, एकच अगडबंब यंत्रणा न उभारतां निरनिराळीं कामें स्वतंत्र सेवांकडे सोंपवावीं व त्यांनीं ठराविक नमुन्यांत एकमेकींस निरोप धाडावे. ह्या रचनेंत जोडणीचें साधन व कामकाजाचें साधन अशीं दोन साधनें असतात, आणि त्यांची गल्लत फार होते. फेरफाराच्या उदाहरणानें हा भेद चांगला कळतो.

जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १५४ अन्वयें नोंदणी अधिकाऱ्यानें हस्तांतरणाची वर्दी महसूल खात्यास द्यावयाची असते. वर्दी कागदावर येई तेव्हां ती महिनोन् महिने बासनांत पडून राहिलेली प्रस्तुत लेखकानें पाहिली आहे. हल्लीं दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील आय-सरिता ही प्रणाली महसुलाच्या ई-फेरफार प्रणालीशीं जोडलेली आहे. दस्तांतील गांव, गट, देणार व घेणार हा तपशील उचलून दुसऱ्या प्रणालीच्या नमुन्यांत बसविणें व योग्य तालुक्यास पोंचविणें हें जोडणीचें काम. हा दुभाषी हरकारा होय. निरोप पोंचला कीं तो मोकळा.

पुढील काम निराळें आहे. फेरफाराचा क्रमांक पडला कीं हितसंबंधितांस नोटीस, हरकतीसाठीं १५ दिवसांची मुदत, हरकत आल्यास तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहींत नोंद, न आल्यास मंडळ अधिकाऱ्याकडून प्रमाणन, आणि मगच सातबारावर अंमल. प्रत्येक प्रकरण कोठें थांबलें आहे हें दिवसेंदिवस लक्षांत ठेवणें व माणसाच्या निर्णयाची वाट पाहणें हें कामकाजाच्या साधनाचें कर्तव्य. असा क्रम संगणकास लिहून देण्याकरितां बीपीईएल नांवाची भाषा असून तिची दुसरी आवृत्ति ओअ‍ॅसिस ह्या संस्थेनें २००७ सालीं प्रमाण ठरविली.

मुदतीचे व हरकतीचे नियम हरकाऱ्याच्या झोळींत कोंबूं नयेत, असें माझें स्पष्ट मत आहे. मुदत बदलली तर कामकाजाचा क्रम तेवढा बदलावा. दस्ताचा नमुना बदलला तर जोडणी. दोन्ही एकत्र कालविलीं कीं एकास हात लावतां दुसरें बिघडतें.

खरेदीदारास ह्यांतून प्रत्यक्ष कळण्याजोगी गोष्ट ही कीं, दस्त नोंदला म्हणजे फक्त वर्दी गेली. प्रमाणनापर्यंत सातबारावर नांव लागत नाहीं. शिवाय दस्तांत गट क्रमांक चुकला असल्यास जोडणी ती चूकही इमानानें पोंचविते. ती हेरण्याची जागा म्हणजे नोटिशीचे ते १५ दिवस. ‘आपली चावडी’ ह्या सरकारी संकेतस्थळावर गांव निवडल्यास फेरफाराचा क्रमांक, प्रकार, गट क्रमांक व हरकतीची शेवटची तारीख घरबसल्या पाहतां येते.