पितळखोऱ्याचं पाणी

कन्नड सोडून चाळीसगावच्या रस्त्याला लागलं की दोन्हीकडे मका, कपाशी आणि अद्रकाची शेतं दिसतात. पुढे कालीमठाकडे वळून गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीत शिरलं, तरी समोर झुडपी माळरानच. या सपाटीवर कुठे धबधबा असेल, असं सांगूनही कुणाला पटत नाही. मग एकाएकी जमीन संपते. सातमाळा डोंगराची कड तुटते, खाली अरुंद, खोल दरी उघडते आणि पाण्याचा आवाज पाण्याच्या आधी पोचतो. हे पितळखोरे. छत्रपती संभाजीनगरहून अंतर साधारण 80 किलोमीटर, पण वेरूळला जाणाऱ्या गर्दीतले फार थोडे जण इथवर येतात.

दरीत उतरायला पायऱ्या आहेत. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरतं, म्हणून कठड्याला धरूनच उतरावं. वळण घेतल्यावर माथ्यावरचा ओढा कड्यावरून कुंडात कोसळताना दिसतो आणि त्याच्या शेजारच्याच कातळात बौद्ध लेणी. तेरा-चौदा आहेत, मुख्य लेणी एका बाजूला, तर लहान चैत्यगृहं ओढ्यापलीकडे. काळ इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे अजिंठ्याच्या सर्वात जुन्या लेण्यांच्या बरोबरीचा. दान देणाऱ्यांच्या कोरीव लेखांत पैठणचा गंधी म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, राजवैद्य आहे. घाटवाटेवरची जागा, भिक्षूंना वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी, निवारा आणि दारात पाणी. दान द्यायला व्यापाऱ्यांना आणखी काय हवं होतं?

त्या पाण्याशी इथल्या कारागिरांचं नातं कसं होतं, हे पाहायचं असेल तर चौथ्या लेण्याच्या पायथ्याशी थांबावं. हत्तींची रांग आणि ढाल-भाला घेतलेले द्वारपाल यांचे फोटो सगळेच काढतात. मात्र जवळच भिंतीवर पाच फण्यांचा नाग आहे, तिकडे पाहायचं राहून जातं. लेण्यातलं पाणी या फण्यांतून बाहेर पडावं, अशी नळी आतून कातळात कोरलेली आहे. गळती ही आपल्याकडे तक्रारीची गोष्ट. इथे तिचं शिल्प झालं. दोन हजार वर्षांपूर्वीचं इतकं देखणं सांडपाण्याचं काम मला तरी दुसरं माहीत नाही.

अर्थात पाण्यानेच या लेण्यांची वाटही लावली. इथला खडक भुसभुशीत, फटी पडलेला. वरून झिरपणारं पाणी शतकानुशतकं त्यात मुरत राहिलं आणि लेण्यांचे दर्शनी भाग ढासळले. 1950च्या दशकात पुरातत्त्व खात्याने मलबा उपसला तेव्हा कितीतरी शिल्पं त्याखालून निघाली. म. न. देशपांडे यांनी 1959 मध्ये त्याचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या शिल्पांतला ठेंगणा, हसरा, पोट सुटलेला यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय: कान्हदास, धंद्याने सोनार. त्या काळातल्या शिल्पकाराचं नाव कळणं हेच दुर्मीळ. तिसऱ्या लेण्यातल्या खांबांवर नंतरच्या काळातली चित्रंही आहेत, फिकी पडलेली. टॉर्च न मारता, डोळे अंधाराला सरावू देऊन पाहावीत.

धबधब्याचं पाणी पुढे कुठे जातं? कन्नडच्या पठारावरचं बरंचसं पाणी शिवना नदीतून दक्षिणेला गोदावरीकडे जातं. हा ओढा मात्र उत्तरेला खानदेशात उतरतो आणि गिरणेतून तापीला मिळतो. सातमाळ्याची ही कड म्हणजे दोन खोऱ्यांमधला पाणलोट. दरीच्या तोंडाशी, चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवी हे देवस्थान आहे. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने तिथे मठ उभारला होता. तसा शिलालेख आहे आणि तो एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. पायाचे पक्के ट्रेकर पाटणादेवीहून जंगलातून चढून पितळखोऱ्यात येतात. ती वाट माहीतगार माणसाशिवाय धरू नये.

जायचं असेल तर ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबर हे दिवस चांगले. उन्हाळ्यात लेणी दिसतील, धबधबा दिसणार नाही. शक्यतो स्वतःची गाडी घ्या, खाण्यापिण्याचं बरोबर ठेवा आणि रिकाम्या पिशव्या-बाटल्या परत आणा. अंधार पडायच्या आत पठारावर या, अभयारण्यात बिबट्या आहे. माथ्यावर जोराचा पाऊस सुरू असेल तर कुंडाजवळ अजिबात जाऊ नका. ओढा पाहता पाहता फुगतो आणि पाण्याबरोबर वरून दगडही येतात. त्या दिवशी लेण्यांच्या ओसरीतूनच धबधबा पाहा, तिथून तो उत्तम दिसतो.