बर्फ फुटात, पाणी काट्यावर

अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा पर्वतात एखादं मोठं हिमवादळ येऊन गेलं, की गाडल्या गेलेल्या गाड्यांचे फोटो फिरू लागतात आणि मागोमाग ते ठरलेलं वाक्य येतंच: ‘दहा फूट बर्फ पडला, आता लेक टाहो भरलाच समजा!’ दर हिवाळ्यात हे ऐकून कान किटले. बर्फाची उंची म्हणजे पाणी नव्हे. ताजा, भुसभुशीत बर्फ दहा-बारा इंच घेऊन वितळवा, जेमतेम इंचभर पाणी हाती लागेल. तोच थर दबून, मुरून एप्रिलपर्यंत टिकला, तर अडीच-तीन इंचांतही तेवढंच पाणी असतं. म्हणून जानेवारीतला दहा फुटांचा थर मार्चमध्ये सहा फुटांवर आला, तरी पाणी घटलंच असं नाही. नेवाडा विद्यापीठात अभिजात भाषा शिकवणाऱ्या जेम्स चर्च यांना हे शंभर वर्षांपूर्वीच उमगलं होतं. टाहोजवळच्या माउंट रोझवर ते दातेरी तोंडाची पोकळ नळी बर्फात थेट जमिनीपर्यंत खुपसत, आत अडकलेल्या बर्फासकट ती काट्याला टांगत आणि वजनावरून पाण्याचे इंच काढत. वसंतात तळं किती चढेल, याचा अंदाज ते त्यावरून बांधत.

‘पण २०२३ साली भरलंच की!’ असं लगेच सांगितलं जातं. नाही भरलं. त्या वर्षी १ एप्रिलला कॅलिफोर्नियाच्या हिमसाठ्यात सरासरीच्या २३७ टक्के पाणी होतं आणि तळं फुटाफुटानं चढलंही. पण आदल्या शरदात त्याची पातळी नैसर्गिक उंबरठ्याखाली, म्हणजे पाणी जिथून बाहेर वाहतं त्या कडेखाली, गेली होती. पूर्ण भरायला जून २०२४ उजाडला, तोही साध्यासुध्या हिवाळ्यानंतर. शिवाय तहानलेली जमीन आपला वाटा आधी घेते. २०२१ साली कोलोरॅडो नदीच्या वरच्या खोऱ्यात बर्फ सरासरीहून थोडाच कमी होता, त्या नदीवरच्या लेक पॉवेल जलाशयात मात्र सरासरीच्या सुमारे एक तृतीयांशच पाणी पोचलं.

दुसरा गैरसमज ऋतूंचा. आपली धरणं जूनमध्ये तळ गाठतात, म्हणून उन्हाळा म्हणजे आटलेलं पाणी हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. टाहोचं उलट: बर्फ वितळून जून-जुलैत पातळी सर्वांत वर, आणि हिवाळ्याच्या तोंडावर सर्वांत खाली. ‘धरणवाले तळं उपसतात’ हेही खोटं. ५०१ मीटर खोलीपैकी वरचे सहा फूटच काय ते तळ्याच्या तोंडावरच्या धरणाच्या दरवाज्यांच्या हाती. उंबरठ्याखाली पाणी गेलं, की दरवाजे सताड उघडले तरी तळ्यातून निघणाऱ्या ट्रकी नदीत थेंब जात नाही. आणि टाहो थंडीत गोठतो म्हणणाऱ्यांसाठी: एखादी उथळ खाडी सोडली तर तो गोठत नाही. एवढं खोल पाणी उन्हाळ्याची ऊब महिनोन्‌महिने धरून ठेवतं, आणि त्याच उबेपायी शरदातल्या कोरड्या, गार वाऱ्यात त्याची वाफ होत राहते.